एक्केचाळीस घरं आणि एक

सकाळी सातला वहिनीने दार उघडलं, तर ताई जिन्यात उभी. हातात भांडं. दूध मागायचं निमित्त. पण भांड्याच्या तळाशी दोन बोटं दूध आधीच होतं, आणि ते दोघींनाही दिसत होतं.

"ये आत," वहिनी म्हणाली. "हे खाली गेलेत, छापखान्यात."

"इतक्या लवकर?"

"झोपलेत कुठे! आणि डॉक्टर?"

"तेच. पहाटेपासून दवाखान्यातल्या बाटल्या पुसतायत. तीनदा पुसून झाल्या."

घर तीन मजली होतं. तळाशी छापखाना, त्यावर दादा आणि वहिनी, सगळ्यात वर डॉक्टर आणि ताई, आणि ताईच्या खोल्यांना लागूनच दवाखाना. लढाई चालू असताना या घराला जिना आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात नसायचं, इतकी माणसं वरखाली करायची. लढाई संपली आणि जिना एकदम लांब झाला. दादा कामगार आघाडीचे उमेदवार, डॉक्टर नागरिक पक्षाचे. मेव्हण्या-मेव्हण्यांचं बोलणं बंद झालं त्याला सात महिने होत आले होते. निरोप पोचवायचे असतील तर दूध, साखर, सुई, दोरा असं काहीबाही घेऊन या दोघी जिना चढत-उतरत होत्या.

आज निरोप साखरेवर भागण्यासारखा नव्हता. अकरा वाजता राघूची सुनावणी होती.

राघू म्हणजे दादा आणि ताईचा धाकटा भाऊ. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. लहानपणी कुणी पाहुणा दोन वाक्यं बोलला की हा तिसरं त्याच्याच आवाजात, त्याच्याच नाकातून बोलून दाखवायचा, म्हणून राघू. मोठेपणी चार भाषा आल्या. त्यातली एक नेमकी शहर ताब्यात घेणाऱ्या फौजेची निघाली. फौजेला दुभाष्या हवा होता. तीन वर्षं राघू त्यांच्या अधिकाऱ्याच्या शेजारी उभा राहिला आणि अख्ख्या शहराने त्याला तिथे उभं राहिलेलं पाहिलं. फौज गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात लोकांनी त्याला भर रस्त्यातून धरून नेलं. तेव्हापासून तो स्टेशनमागच्या लोकरीच्या गोदामात, शत्रूला सामील झालेल्या साठ जणांबरोबर होता.

शहराने पाहिलं नव्हतं ते एवढंच: उद्या कुणाच्या घरी धाड पडणार, हे राघू आदल्या संध्याकाळी सांगून जायचा. दादा खाली छापखान्यात पिवळ्या कागदावर छापायचे, 'या घरात विषमज्वर. प्रवेश बंद.' डॉक्टर खाली सही करायचे. कागद दारावर लागायचा. सकाळी शिपाई यायचे, आणि राघू त्यांच्या भाषेत अशी काही वर्णनं करायचा की शिपाई फाटकालासुद्धा हात लावायचे नाहीत. अशी एक्केचाळीस घरं वाचली.

"चौकशी समितीचा नियम आहे," ताई म्हणाली. "दोन साक्षीदार हवेत. दोन्ही पक्षांचा एकेक. जो तो आपापल्या माणसांना निर्दोष ठरवायला लागला म्हणून हा नियम केलाय त्यांनी."

"ठाऊक आहे."

"दादा जाईल ना गं?"

वहिनी ओट्यावरचा ओला डाग पुसत राहिली. नवऱ्याला ती बावीस वर्षं ओळखत होती. तो खोटं बोलायचा नाही, पण गप्प बसायचा, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "जातील," ती म्हणाली. "तिथे जाऊन काय बोलतील, ते मला विचारू नकोस. ट्रामवाल्याचं नाव निघालं की यांच्या तोंडाला कुलूप लागतं. घरातसुद्धा."

"यांच्याही," ताई म्हणाली. आणि मग हळूच, "वहिनी, काय झालं होतं तेव्हा?"

"मला काय माहीत? मी तुला विचारणार होते."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की जे एकीला माहीत नाही ते दुसरीलाही माहीत नाही. म्हणजे ते फक्त त्या दोघांनाच माहीत आहे.

"यांना खाली पाठवते," ताई उठत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. कसं पाठवायचं ते माझं मी बघते." भांडं ती टेबलावरच विसरून गेली.

*

डॉक्टर छापखान्याच्या दारात आले तेव्हा त्यांना पहिला आला तो वास. शाई, घासलेट आणि गरम शिसं. तीन वर्षं या वासातच त्यांची प्रत्येक संध्याकाळ गेली होती. आता आत दोऱ्यांवर भित्तीपत्रकं वाळत होती आणि प्रत्येकावर दादांचं नाव होतं. डॉक्टरांना वाकून, दादांच्या नावाखालून आत जावं लागलं.

दादा टाइपाच्या खणांच्या पेटीपुढे, केसपुढे उभे होते. डाव्या हातात जुळणीची स्टिक, उजव्या हाताने शिशाचा एकेक खिळा उचलून ते ओळ जुळवत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"दवाखान्याचं छापायचं असेल तर दुपारनंतर."

"तुमच्या बहिणीने पाठवलंय."

"मग ऐकावंच लागेल."

डॉक्टर शाईच्या डब्यावर बसले. पूर्वी तेच त्यांचं बसायचं ठिकाण होतं. बसल्यावर लक्षात आलं आणि उठावंसं वाटलं, पण तेही बरं दिसलं नसतं.

"तुमच्या पक्षाने काय सांगितलंय?" दादांनी विचारलं.

"साक्ष द्या म्हणाले. एक्केचाळीस घरांचं सांगा, पण कामगारवाल्यांचं नाव मध्ये आणू नका. कागद कुठे छापले असं कुणी विचारलं, तर आठवत नाही म्हणा." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि तुमच्या?"

"राघूच्या बाजूने उभा राहिलास तर उमेदवारी गेली समज. ट्रामवाला आमचा माणूस होता, युनियन त्याने उभी केली. त्याचं नाव राघूने वाचून दाखवलं आणि शिपायांनी त्याला उचललं, हे पन्नास जणांनी पाहिलंय."

"राघूने आदल्या दिवशी आपल्याला सांगितलं होतं."

"हो. आपल्याला."

दादांनी पुढचा खिळा उचलला.

डॉक्टरांना ती संध्याकाळ विसरता येत नव्हती. रेडिओवर शत्रूची आघाडी फुटल्याची बातमी आली होती. लढाई आता महिन्याभराची सोबती, हे पहिल्यांदाच खरं वाटलं होतं. राघू ट्रामवाल्याचं नाव सांगून घाईने निघून गेला. दादांनी कागद छापला, डॉक्टरांनी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत दोघे बोलत बसले. पुढे काय, यावर. दादा म्हणाले, आता कारखाने सगळ्यांचे होतील, इस्पितळंही. डॉक्टर म्हणाले, आणि माझा दवाखाना घ्यायच्या आधी मला विचारणार कोण? दादा म्हणाले, तुम्हाला तीन वर्षांत काही कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, मला आत्ता कळलं, मी कुणाच्या शेजारी बसत होतो. तीन वर्षांत त्यांचा एकदाही वाद झाला नव्हता, कारण वाद घालण्याजोगं पुढचं काही उरेल अशी खात्रीच नव्हती. त्या दिवशी मात्र दोघांच्याही पोटातलं सगळं ओठांवर आलं. डॉक्टर तणतणत वर निघून गेले. कागद दादाच नेऊन लावतील, असं ते धरून चालले. छापणाराच लावतो. दादाही उठले आणि निघाले. पेशंट बघायला डॉक्टरांना तिकडून जायचंच होतं, तेच लावतील, असं त्यांनी धरलं.

पिवळा कागद टेबलावरच राहिला. सकाळी सहाच्या आत ट्रामवाल्याला नेलं. तो परत आला नाही. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी लढाई संपली.

दादांनी स्टिक खाली ठेवली. केसच्या वरच्या कोपऱ्यात एक खण होता, ङ चा. तो खण वर्षानुवर्षं कुणी उघडत नसे. त्यात दोन बोटं घालून त्यांनी घडी केलेला पिवळा कागद काढला आणि डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला. घराचा नंबर होता, तारीख होती, सही होती.

"मला वाटलं होतं, तुम्ही जाळलात," डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात."

ट्रामवाल्याला उचलायच्या आदल्या दिवशीची तारीख. राघूने इशारा दिला होता याचा एवढा एकच पुरावा जगात होता, आणि तो दाखवायचा म्हणजे दारावर तो का लागला नाही तेही सांगावं लागणार होतं.

"आधी मला बोलावतील," डॉक्टर म्हणाले. "मी सगळं सांगितलं, आणि नंतर तुम्ही उठून म्हणालात की मला काही ठाऊक नाही, तर?"

"आणि तुम्ही एक्केचाळिसावर थांबलात, तर मी कागद कुणाच्या जोरावर दाखवू?"

एके काळी हे दोघे एकमेकांच्या भरवशावर रोज फासाचा दोर गळ्यात घालून बाहेर पडायचे. आज एका वाक्याची खात्री देता येत नव्हती. डॉक्टरांनी कागद परत केला.

"तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले, आणि दादांच्या नावांखालून वाकून बाहेर गेले.

*

सुनावणी मुलींच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात होती. भिंतींवर पेरू-केळ्यांची चित्रं तशीच होती. समितीच्या अध्यक्ष म्हणजे याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका; अर्ध्या शहराला त्यांनी बाकावर उभं केलेलं होतं आणि उरलेलं अर्धं शहर त्यांच्यापुढे अजून आपोआप उभं राहत होतं.

दादा डावीकडे बसले, त्यांच्या मागे आघाडीचा सेक्रेटरी. डॉक्टर उजवीकडे, नागरिक पक्षाच्या दोन वकिलांच्या मध्ये. वहिनी आणि ताई मात्र एकाच बाकावर बसल्या, मधोमध, आणि त्यावर कुणाचं काही चाललं नाही. पहिल्या रांगेत ट्रामवाल्याची बायको होती. ती शिवणकाम करायची. मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती.

राघूला आणलं. कोट खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली, भावावरूनही, पण कुठे थांबवली नाही. कुणाला अडचणीत टाकायचं नाही, ही तीन वर्षांची सवय.

डॉक्टरांना बोलावलं. ते उभे राहिले आणि घरांची यादी सांगू लागले. गल्ली, नंबर, तारीख. आवाज दवाखान्यातला, सपाट. बत्तीस. सदतीस. एक्केचाळीस. तिथे ते थांबले. वकिलांपैकी एकाने हलकेच मान हलवली: पुरे.

दादांच्या खिशात कागद होता. हात खिशावर होता. हा माणूस इथेच बसणार, त्यांना वाटलं. बसला तर मी त्याला दोष तरी कसा देऊ?

"आणि एक बेचाळिसावं घर," डॉक्टर म्हणाले.

वर्गात कुणीतरी खाकरलं. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांपलीकडचं दिसत नसे, कदाचित म्हणूनच. "या मुलाने ते नावही आदल्या संध्याकाळी आम्हाला सांगितलं होतं. कागद तयार होता. मी सही केली होती. तो दारावर लागला नाही, कारण आम्ही दोघे भांडत बसलो. लढाई संपल्यावर राज्य कुणाचं, यावर. मला वाटलं ते लावतील..."

"आणि मला वाटलं, हे लावतील," दादा म्हणाले. आपण कधी उभे राहिलो ते त्यांना कळलंही नव्हतं.

"तुम्हाला अजून बोलावलेलं नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"हो बाई. पण आता बसलो तर परत उठवणार नाही माझ्याच्याने." त्यांनी कागद काढून टेबलावर उलगडला. "ही तारीख. ही यांची सही. हा माझा टाइप, 'ज्वर'मधला ज्व तुटका आहे, आमच्या छापखान्यात तो तसाच आहे. माझ्या भावाने त्याचं काम केलं होतं. आम्ही आमचं केलं नाही. डॉक्टर एकटे नव्हेत. मीही."

मागून सेक्रेटरीचा हात दादांच्या कोटाला लागला. दादांनी कोट सोडवून घेतला.

मग ट्रामवाल्याची बायको उठली. समितीकडे न बघता तिने डॉक्टरांना विचारलं, "कागद दारावर असता, तर शिपाई आत आले नसते?"

"नसते आले," डॉक्टर म्हणाले. "एकदाही आले नाहीत."

ती राघूकडे वळली. "मी दर रविवारी गोदामाच्या फाटकावर येत होते. तुझ्या नावाने बोटं मोडायला. तू ऐकायचास. एकदाही म्हणाला नाहीस की मी सांगितलं होतं."

राघूचा आवाज बसलेला होता. "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कुणाला. मग हे दोघेही माझ्याबरोबर गोदामात आले असते."

बाईने मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. "तुमची नोंद झाली की तो कागद मला द्या," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. "माझ्या दारासाठी होता तो." दादांच्या समोरून जाताना ती क्षणभर थांबली. "क्षमा वगैरे माझ्याकडे मागायची नाही. पण रोज सकाळी मी विचार करायचे, हे कुणाला आधी कळलं होतं आणि कुणी सांगितलं नाही, शेजारच्याने की भाच्याने. आता कुणावर संशय घ्यायला नको. तेवढं बरं झालं."

अर्ध्या तासाने समितीने राघूला सोडलं.

पायऱ्यांवर सेक्रेटरीने दादांना गाठलं. "तुझी भित्तीपत्रकं काढून घ्यायला लावतो. उमेदवार दुसरा."

"चालेल," दादा म्हणाले. "छापायची मात्र आमच्याकडेच. दुसऱ्या कुणाला वेलांट्या धड लावता येत नाहीत." बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं की खिळ्यांनी भरलेली केस सात महिने छातीवर होती आणि कुणीतरी ती आत्ता उचलून बाजूला ठेवली आहे. ते तिथेच पायरीवर बसले. हसू येत होतं.

*

राघूने आंघोळ केली, एक बादली, दोन, तीन. चौथ्या वेळी वहिनीने बाहेरून दार वाजवलं, "अरे, विहीर संपेल!" मग तो सूप प्यायला, वाटीभर, हळूहळू, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, आणि डॉक्टर पाठ फिरवून गेल्यावर त्याने पावाची अर्धी लादी खाल्ली, ताईने आणून दिली तशी.

ताईने दवाखान्याशेजारच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून थेट पलंगावर येत होतं. तो झोपला नाही, नुसताच पडून राहिला, छताकडे बघत. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून तिने त्याच्या कोटाचं बटण लावायला घेतलं.

"गोदामात काय करायचात दिवसभर?"

"काही नाही. सगळे एकमेकांना घाबरायचे. कोण कुठे जाऊन काय सांगेल. जेवण मागायचं तरी खालच्या आवाजात." तो जरा वेळाने म्हणाला, "मी तिथे कुणाची नक्कल केली नाही, ताई. एकदाही नाही."

तिने सुई बाजूला ठेवली. आता रडू येणार, तोच खालून आवाज आला.

"म्हणजे प्रत्येक खाटेला सरकारी शिक्का!" हे डॉक्टर.

"शिक्का नाही हो, हक्क! तुमच्या दारात रांग लावणाऱ्याला हक्क नको?" हे दादा.

"दादा, मी दारातून कुणाला परत पाठवलंय? एक नाव सांगा!"

"तुम्ही नाही पाठवलं. तुम्ही चांगले आहात म्हणून. उद्या तुमच्या जागी हलकट आला म्हणजे?"

"आणि तुमच्या सरकारात आला म्हणजे? तिथे एकच असेल, सगळ्यांच्या डोक्यावर!"

मग वहिनीचा आवाज, "दोघेही हळू! पोर झोपलंय वर!" आणि दोघांनीही तो साफ कानाआड केला.

ताईच्या कपाळाला आठी पडली. दुपारी शाळेत जे घडलं त्यानंतर तिला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. नव्हतं होणार. निवडणुकीला तीन आठवडे होते. दादा उमेदवार नसले तरी डॉक्टरांच्या विरोधात दारोदार फिरणारच होते. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, फिरा, पण मफलर घालून फिरा, तुमची छाती भरलेली आहे. ती उठली आणि दार लावायला गेली.

"राहू दे गं उघडं," राघू म्हणाला.

"अरे, झोप लागायची नाही तुला."

"लागेल. किती मोठ्याने बोलतायत बघ. रस्त्यावर ऐकू जात असेल." त्याचे डोळे मिटले होते. "खिडकीसुद्धा उघडीच आहे ना खालची?"

"उघडीच आहे."

"छान," तो म्हणाला, आणि मग डॉक्टरांच्या आवाजात, अगदी त्यांच्याच घशातून, "एक नाव सांगा!"

ताई हसली, तोंडावर हात दाबून हसली, आणि मागे वळली तोवर त्याचा श्वास लांब लागला होता.

ती जिन्यात आली. खाली वहिनीच्या दारात दिवा लावलेला होता. डॉक्टर तावातावाने वर यायला निघाले होते, एक पाय पायरीवर, हात कठड्यावर. आत टेबलाशी दादा उभे होते. त्यांनी खुर्ची पायाने मागे सरकवली.

"निघालात कुठे? बसा, डॉक्टर. माझा मुद्दा संपलेला नाही."

डॉक्टर क्षणभर तसेच उभे राहिले. मग पाय पायरीवरून खाली घेतला, आत गेले आणि बसले.